कणगीत वाढलेलं

९ जानेवारी
कुमासीच्या अलीकडे, कोंबड्यांच्या फार्मवरून

बा,

मी थोरल्याला वेगळं दिलेल्या माझ्या मागच्या दाराशी उभा राहून बोलतोय असं समजा. तिथून बोललेलं तुम्ही ऐकून घ्यायचात. फोन कानाशी नेला की तुम्ही उठून जाता, असं लामीसी सांगते. पण कुणी हातानं आणून दिलेली वस्तू तुम्ही आजवर परत केलेली नाही, म्हणून हा कागद. बसचा क्लीनर आपल्या टोंगोचा आहे, तो पत्र आणि डबा दोन्ही पोचवेल. लामीसी, बहिणी, सावकाश वाच गं. शाळेत मास्तरांपुढे वाचायचीस तसं धडाधड नको.

डब्यात किडे आहेत. चावत नाहीत. आमच्या मॅडमच्या फार्मवर एक खोली या किड्यांचीच आहे, आणि ती खोली माझ्याकडे आहे. सिमेंट सोडलं, टोमॅटोच्या गाड्या सोडल्या, रताळ्याचं गोदाम सोडलं, इथे मात्र पाच महिने टिकलोय. मॅडम पहिल्या दिवशी म्हणाली, "तुझ्या बुडाला वाळवी लागलीय का रे, एका जागी ठरत नाहीस?" पण किड्यांच्या खोलीत मी बसतो. कान लावला तर कोंड्यातून बारीक आवाज येतो, कोरड्या पानांवर कुणी चालल्यासारखा.

हे पिल्लांना घाला. उन्हाळ्यात वाळवी खोल जाते. लामीसी वाळवी धरायला शेणाचं मडकं वारुळावर उपडं घालून येते आणि सकाळी रिकामं उचलते, असं दोन वर्षं चाललंय, आणि दोन वर्षांत आपल्या अंगणात एक पिल्लू जगलेलं नाही. माझा दोष फिटायला भगतानं सांगितलेले तीन कोंबडे आपल्याच अंगणात फुटलेले आणि आपल्याच अंगणात वाढलेले हवेत. बाजारातून आणलेले चालत नाहीत. ते तुमच्या हातून वाडवडिलांच्या ओट्यावर बळी पडल्याशिवाय मला घरात पाऊल टाकता येत नाही. तर पिल्लं जगायला हवीत, एवढं सोपं आहे.

कसं ठेवायचं ते सांगतो. रुंद टोपल्यात गव्हाचा कोंडा चार बोटं पसरायचा, त्यात किडे सोडायचे. कोंडा डब्यात आहे. पाणी ओतायचं नाही, रताळ्याची चकती ठेवायची, ती सुकली की दुसरी. काही दिवसांनी किडा पांढरा पडून निपचित होईल. मेला समजून टाकू नका, त्यातून काळा भुंगेरा निघतो. भुंगेरे वेळच्या वेळी निवडून वेगळ्या मडक्यात काढायचे. तेच अंडी घालतात, त्यातून पुन्हा किडे. आणि टोपलं अंधारात, कोरड्या, गार जागी ठेवायचं, जिथे कोंबड्या आणि मुंग्या पोचणार नाहीत.

त्या दिवसाचं एकदा बोलून टाकतो. थोरल्या मुलानं बाप जिवंत असताना बापाच्या कणगीत डोकावू नये, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी वर चढलो होतो हे खरं. पण कणगीची गवताची टोपी वाऱ्यानं सरकली होती, ती सारखी करत होतो. आत पाहिलं नव्हतं. तुम्ही खालून हाक मारलीत आणि मी उतरलो, एवढंच.

तुमचा थोरला,
येनबिल


४ मार्च

बा,

लामीसीचा फोन आला. डबा पोचला, अकरा पिल्लं फुटली आणि नऊ अजून जगलीत. नऊ! मी इथे ओरडलो तेव्हा माझ्याबरोबरचा ओवुसू म्हणाला, "काय रे, मुलगा झाला का?" मी म्हटलं, "नऊ झाले." तो म्हणाला, "तुम्ही उत्तरेकडचे लोक कोंबडीला नातेवाईक समजता. आमच्याकडे ती रश्श्यात असते." बोलू दे. त्याला बाप आहे, घरी जातो, जेवून येतो.

तुम्ही किडे स्वतःच्या हातानं पिल्लांना घालता हे ऐकून मला बरं वाटलं. आणखी काय लिहू? असंच चालू दे.

लामीसी, बाला इथपर्यंतच वाचून दाखव. पुढचं तुझ्यासाठी.

आपण फोनवर काय बोललो ते पुन्हा लिहितो, म्हणजे मला नीट कळेल. मी विचारलं, टोपलं कुठे ठेवलंस? तू म्हणालीस, मी नाही, बानं ठेवलं. कुठे? अंधारात, कोरड्या, गार जागी. मी म्हटलं, म्हणजे कुठे बाई? आणि तू म्हणालीस, "दादा, आपल्या घरात अशी जागा एकच आहे."

अंधारात, कोरड्या, गार जागी. हे मीच लिहिलं होतं. इथल्या भिंतीवर पाटी आहे, तिच्यावरून उतरवलं. आपल्या घराचा विचारच आला नाही. बानं माझी वस्तू कणगीत ठेवली, याचा मला आनंद व्हायला हवा. झाला पण. दिवसभर झाला.

पण भुंगेरे, लामीसी. ते निवडून काढायचे असतात, आणि बाच्या डोळ्यांवर सायीसारखं आलंय असं तूच सांगतेस. निवडणार कोण? तू बाईमाणूस, कणगीवर चढू शकत नाहीस, काकाला बा चढू देणार नाही. टोपल्याच्या काठावरून भुंगेरा सहज बाहेर पडतो आणि खाली आहे बाजरी. त्याला कोंडा काय नि बाजरी काय.

तू बाला सांग की... नको. माझं नाव घेऊन काही सांगू नकोस. कणगीत काय होतंय हे मी इथून बोललो तर तो काय म्हणेल ते मला ऐकू येतंय. असं कर, किड्यांना दोन दिवस ऊन दाखवायला लागतं म्हण. टोपलं खाली आलं की परत वर जाऊ देऊ नकोस.

ये.


१९ एप्रिल

लामीसी,

आज पत्र तुलाच. बानं विचारलं तर सांग, मी कामात आहे.

बा तुला म्हणाला, "कणगीत गेलेलं कणगीत राहतं. खाली काढायचं ते खाण्यापुरतं." बरोबर आहे, आपल्याकडे तसंच आहे. आणि पुढचं तू हसत सांगितलंस, पण मी हसू शकलो नाही. बा रोज सकाळी शिडी लावतो, आत हात घालतो आणि मूठ भरून आणतो. आधी टोपल्यातून आणायचा, आता म्हणे हात घालावा तिथे सापडतात. काकासमोर, बाजरीची दारू पिताना, तो म्हणाला, "वाढतायत. पोरानं पाठवलेलं माझ्या कणगीत वाढतंय."

पोर म्हणाला. दोन वर्षांत मला तो काहीच म्हणाला नव्हता.

काका काय म्हणाला तेही तू सांगितलंस: "अरे, वाडवडिलांनी घेतलं म्हणायचं मग. त्यांना नको असतं तर मेलं असतं." आणि बा पीत राहिला, म्हणजे त्याला ते पटलं.

आता मी काय करू? कणगीत जे वाढतं ती बरकत, हे लहानपणापासून आपण ऐकलेलं. ती बरकत नाही, कीड आहे, हे मी सांगायचं?

मागच्या वर्षी इथल्या गोदामात कोंड्याच्या खोलीला लागून मक्याचं एक पोतं विसरलं होतं. ओवुसूनं ते उचललं तर पिशवी हलकी. आत भुकटी आणि टरफलं. तो म्हणाला, "हे बघ, पोत्याचं भूत." त्या पोत्याला चार महिने लागले होते.

मी हिशेब असा करतो. नऊतली सात पिल्लं आहेत, त्यातले चार नर. तीन महिन्यांत ते आरवायला लागतील. ते ओट्यावर पडले की मी घरी येईन, आणि मग घरात उभा राहून जे सांगायचं ते सांगेन. तोवर कणगी कोरडी राहिली तर किडे हळू वाढतात. कोरडी राहील ना? टोपी या वर्षी कुणी विणली? तू त्याचं उत्तर फोनवर दिलं नाहीस. जमिनीवर बसून टोपी विणायचं काम माझं होतं.

तीन महिने थांबू. तू काही बोलू नकोस.


३० मे

बा,

लामीसी, हे सगळं वाच. एक ओळ गाळू नकोस. रडू आलं तर थांब, पाणी पी आणि पुन्हा सुरू कर.

बा, तुमच्या कणगीत जे वाढतंय ती बरकत नाही. माझे किडे तुमची बाजरी खातायत. मला हे मार्चपासून माहीत आहे. टोपलं कणगीत गेलं हे ऐकलं त्या दिवशीच मला कळलं होतं. मी बोललो नाही, कारण बोललो तर तुम्ही म्हणाल, हा पुन्हा माझ्या कणगीत बघतोय, आणि कोंबडे कितीही मोठे झाले तरी मला दार उघडणार नाही. तुम्ही मला पोर म्हणालात हेही कारण आहे. ते मला आणखी थोडे दिवस ऐकायचं होतं.

आता पाऊस सुरू झालाय आणि टोपीतून पाणी गळतंय. लामीसी म्हणते, कणगीजवळून गेलं की आंबूस वास येतो आणि कान लावला की आतून सरसर ऐकू येतं. तो आवाज मी रोज ऐकतो, तो कसला ते मला माहीत आहे. ओल्या दाण्यात ते दुप्पट होतात. आजच काकाला वर चढवा. बाजरी खाली काढून उन्हात पसरा, चाळा. किडे कोंबड्यांना घाला. जे उरेल ते उरेल.

आता दुसरं.

टोपी वाऱ्यानं सरकली नव्हती, मीच सरकवली. मी आत पाहिलं. काठावर पोट टेकून, मान आत घालून, डोळे अंधाराला सरावेपर्यंत पाहिलं. गुडघाभर बाजरी होती, कडेला आईचा भोपळ्याचा कटोरा होता आणि एक बांधलेलं गाठोडं होतं. गावात पोरं म्हणायची, येनबिल, तुझा म्हातारा तुला काय ठेवणार, दोन कोंबड्या आणि खोकला? मला बघायचं होतं की माझं काय आहे. तुम्ही खाली अंगणात दोरी वळत होतात, जिवंत होतात, आणि मी वर बसून तुमच्या मागचं मोजत होतो. तुम्ही हाक मारलीत ती रागानं मारली नव्हती. तुम्हाला दिसलंही नव्हतं मी काय करतोय ते. नुसतं म्हणालात, "येनबिल, शिडी घसरेल रे." मी दचकून उतरलो, माझ्या तोंडावरून तुम्हाला कळलं.

मी ढोंग करतो, खोटं बोलतो, एका जागी टिकत नाही, सगळं खरं. पण बाजरीचं हे खोटं नाही. काकाला चढवा.

येनबिल


२१ जून

लामीसी,

फोनवर तू एका दमात सांगितलंस, मी नुसतं हं हं म्हणत होतो. आता कागदावर बोलतो.

तू पत्र दोनदा वाचलंस. पहिल्यांदा बा ऐकत राहिला, दुसऱ्यांदा वाचायला लावलं. मग म्हणाला, "म्हणजे त्यानं परत पाहिलं." तू म्हणालीस, "बा, कुमासीत बसून तो कसा पाहील?" तर म्हणाला, "मग आतलं त्याला ठाऊक कसं?" तू किड्यांचं समजावून सांगितलंस, फार्मचं, पोत्याचं. तो म्हणाला, "ते त्याच्या मॅडमच्या गोदामात. माझ्या कणगीत वाडवडील बसलेत." आणि काकाला चढू दिलं नाही. बारा दिवस! बारा दिवस रोज सकाळी तो शिडी चढला, मूठ भरून आणली, कोंबड्यांना घातली, आणि एका सकाळी तुझ्यापुढे हात धरून म्हणाला, "बघ गं, यात दाणा आहे का? मला बोटाला लागत नाही."

मग काका चढला. नाबदिया काकाची जीभ मला माहीत आहे, पण त्या दिवशी तो वरून एवढंच म्हणाला ना, "टोपल्या आण, दोन पुरेत"? डिसेंबरात भरलेल्या कणगीतून दोन टोपल्या. आणि त्याही धुऊन, वारवून, वासाच्या. बाकी भुकटी, टरफलं आणि काळे भुंगेरे, भिंतीवरून उतरत अंगणभर. कोंबड्या त्यांच्यामागे धावत होत्या म्हणालीस. पोट फुटेस्तोवर खाल्ले असतील.

मी सोमवारी मक्याचं पोतं पाठवतोय, त्याच क्लीनरबरोबर. अर्धं पोतं मॅडमनं आपण होऊन दिलं. कोरडा मका आहे, मी स्वतः चाळलाय, एक किडा नाही. नवी बाजरी येईपर्यंत तुम्हा तिघांना पुरेल. तुझ्या लेकीला उकडून दे, तिला आवडतो.

मी म्हटलं, बा मला काय म्हणाला? तू म्हणालीस, काही नाही. खरंच काही नाही, की तू गाळलंस?

कोंबडे कसे आहेत? निदान तिघं आहेत ना अजून?

ये.


९ ऑगस्ट

बा,

मका तुम्ही खाल्ला नाहीत. ज्यानं कणगीत पाहिलं त्याचं धान्य, तो दोष फिटेपर्यंत, बापाच्या तोंडी लागत नाही. मला हे आठवायला हवं होतं. पोतं लामीसीच्या खोलीत पडून आहे, ती आणि तिची लेक खातात, तुम्ही दाराबाहेर बसता. लामीसीनं एकदा गुपचूप बाजरीच्या पिठात मक्याचं पीठ मिसळलं, तर तुम्ही पहिल्या घासाला ताट सरकवलंत. ती म्हणते, कमरेचं फडकं तुम्ही आता एक वेढा जास्त गुंडाळता.

दोन टोपल्या जुलैच्या मध्यात संपल्या. नवी बाजरी यायला अजून तीन आठवडे होते. आणि तुम्ही लामीसीला म्हणालात, "कोंबडे बांध."

मला ती सकाळ दिसते. तुम्ही तिच्या कोपराला धरून टोंगोच्या बाजाराला निघालात, तिच्या डोक्यावर टोपली, टोपलीत पाय बांधलेले तिघं. पांढरा, तांबडा आणि तो ठिपक्यांचा. आपल्या अंगणात फुटलेले, आपल्या अंगणात वाढलेले. वाटेत काका भेटला आणि म्हणाला, "अरे, हे ओट्याचे ना? थोरल्याचे?" तुम्ही म्हणालात, "ओटा थांबेल. पोट थांबत नाही." काका म्हणाला, "पुढच्या वर्षी करू." तुम्ही चालत राहिलात. पुढच्या वर्षी पिल्लांना टाकायला ना किडे असतील ना दाणा, हे त्यालाही माहीत आहे आणि तुम्हालाही.

तीन कोंबड्यांची बाजरी आली. ती तुम्ही खाल्लीत, लामीसीसमोर, पोटभर. तिनं फोन करून मला सांगितलं तेव्हा तिचा आवाज उत्सवाला गेल्यासारखा होता. मीही म्हटलं, बरं झालं.

मी यावर खूप डोकं चालवलं, बा, मला फार चालवता येत नाही तरी. माझा मका तुम्ही खाल्ला असतात तर कोंबडे राहिले असते. कोंबडे ओट्यावर पडले असते तर माझा मका खाता आला असता. याच्यामधून वाट निघते का म्हणून मी ओवुसूलाही विचारलं. तो हसला नाही. त्यानं मला त्याच्या घरी जेवायला नेलं. त्याच्या बापानं माझ्या ताटात तंगडी ठेवली आणि विचारलं, "तुझे वडील काय करतात?" मी म्हटलं, दोरी वळतात.

मॅडमनं किड्यांची दुसरी खोली काढलीय. बाहेरगावाहून बायका शिकायला येतात, मी त्यांना दाखवतो. किडा, कोष, भुंगेरा. धान्याच्या खोलीपासून लांब ठेवा, हे मी आता पहिल्यांदा सांगतो, कोंडा दाखवायच्याही आधी. त्या मान डोलावतात आणि मग विचारतात, पिल्लं लवकर मोठी होतात का? मी सांगतो, होतात. खोटं नाही ते.

मी आता दुसरीकडे जाणार नाही. पूर्वी कुठेही असलो की वाटायचं, इथून निघायचं. निघून पोचायचं कुठे ते मनात असायचं, म्हणून तसं वाटायचं. आता सकाळी उठतो, कोंडा बदलतो, चकत्या कापतो. मॅडम म्हणते, सुधारला.

परवा लामीसीला मी पुन्हा विचारलं, बा माझ्याबद्दल काहीच म्हणाला नाही का. ती म्हणाली, बाजारातून परत येताना एकदा म्हणाला. टेकडीच्या चढावर दम खायला बसलो होतो तेव्हा. म्हणाला, "कोंबडे वजनाला चांगले भरले."

बा, हे बाजारातला माणूस बोलला आणि तुम्ही ऐकून सांगितलंत, की देण्याआधी तुम्ही स्वतः एकेकाला हातात धरून बघितलंत? तेवढं लामीसीजवळ सांगा. दुसरं काही नको.

येनबिल